सभासद नसलेलं गाव

तारापूरच्या अणुवीज केंद्रात पाण्याच्या खोल टाक्या आहेत आणि त्यांच्या तळाशी वापरून झालेल्या इंधनाचे जुडगे ठेवलेले आहेत. त्यातलं बरंचसं युरेनियम अमेरिकेने समृद्ध करून पुरवलेलं. वीज करून झाली, इंधन बाहेर निघालं, पण ज्याने दिलं त्याने ते परत नेलं नाही आणि ज्याने घेतलं त्याला त्यावर पुनर्प्रक्रिया करायची, म्हणजे त्यातलं पुन्हा उपयोगी पडणारं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायची, मोकळीकही कित्येक दशकं मिळाली नाही. म्हणून ते तिथेच राहिलं. अणुऊर्जेच्या शांततामय वापरासाठी देशोदेशींनी एकत्र यावं असं कोणी म्हटलं की मला पहिल्यांदा या टाक्या आठवतात.

एकत्र यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किरणोत्सर्ग सीमेवर थांबून पासपोर्ट दाखवत नाही आणि एका देशाचं ज्ञान या विषयाला पुरत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. महाराष्ट्रात आपण साखर कारखाने, दूध संघ, गृहनिर्माण सोसायट्या यांच्यामुळे सहकाराची भाषा घरात बोलतो. सोसायटीचे पोटनियम वाचलेला साधा माणूसही पहिल्यांदा विचारतो, यात सभासद कोण? भागभांडवल कोणाचं, मत कोणाला, आणि संस्था बुडाली तर झळ कोणाला? अणुकरारांना हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही, आणि तारापूरची गोष्ट म्हणजे तो न विचारल्याची गोष्ट आहे.

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणूची कल्पना मांडली. १९५५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला पहिली मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते होमी भाभा. आजवर कुलूपबंद असलेली माहिती तिथे खुली झाली. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेला अप्सरा सुरू झाली. अणुभट्टी आपल्या लोकांनी बांधलेली, इंधन ब्रिटनचं. १९५७ला व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. तिची घटना ठरत असतानाच भाभांनी आक्षेप नोंदवला होता की ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांना मोकळं सोडायचं आणि जे मदत मागतात त्यांच्यावरच पहारा ठेवायचा, ही व्यवस्था टिकणारी नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर विमान कोसळून ते गेले, तेव्हाही ते व्हिएन्नालाच निघाले होते.

तारापूरचा करार ऑगस्ट १९६३चा, मुदत तीस वर्षांची. जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या पूर्ण उभ्या करून द्यायच्या, इंधन अमेरिकेने पुरवायचं आणि भारताने ते फक्त अमेरिकेकडूनच घ्यायचं. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. देणाऱ्याने पुरवठ्याचं वचन दिलं, घेणाऱ्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही असं वचन दिलं. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर दोघांनी मिळून संमती ठरवायची. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि आशियातल्या पहिल्या अणुवीज केंद्रांत पालघरच्या किनाऱ्याचं नाव लागलं. त्या काळी हा जिल्हा अर्थातच ठाणे होता.

१८ मे १९७४ला पोखरणची चाचणी झाली. १९७८ला अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला: ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही त्याला इंधन द्यायचं नाही. कायदा नवा, पण लागू झाला जुन्या करारालाही. मे १९८०मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरचं इंधन पाठवायला नकार दिला. अध्यक्ष कार्टर यांनी तो नकार बाजूला सारला आणि प्रकरण सिनेटमध्ये गेलं. तिथे ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधनाला वाट मिळाली. आपल्या एका वीज केंद्राचं भवितव्य दुसऱ्या खंडातल्या दोन मतांवर लटकलेलं होतं! १९८२ला तोडगा निघाला, करार अमेरिकेचाच ठेवून इंधन फ्रान्सने द्यायचं. १९९३ला तीस वर्षं संपली आणि फ्रान्सही थांबला. मग कधी चीनचं युरेनियम आलं, कधी रशियाचं, कधी देशात बनवलेलं प्लुटोनियममिश्रित इंधन काही प्रमाणात वापरलं. पुनर्प्रक्रियेची ती संयुक्त संमती मात्र आली नाही. तारापूरलाच त्या कामासाठी केंद्र उभं होतं, इंधनही शेजारच्याच टाकीत होतं.

ही कहाणी आपल्याकडे बहुतेक वेळा अमेरिकेच्या विश्वासघाताची म्हणून सांगितली जाते. तसं सांगणं अर्धवट आहे. कॅनडाने ट्रॉम्बेला सायरस ही अणुभट्टी दिली, तिचं जड पाणी (अणुविघटन चालू राहावं म्हणून भट्टीत वापरतात ते) अमेरिकेचं, आणि दोन्हीकडे लिहिलेलं होतं की वापर शांततेसाठी. १९७४च्या स्फोटाचं प्लुटोनियम सायरसचं होतं. तो स्फोट शांततामय होता, असं आपण म्हटलं. खाणकामासाठी, कालवे खोदण्यासाठी अणुस्फोट वापरायच्या कल्पना त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघातही चालल्या होत्या, त्यामुळे तो शब्द आपण हवेतून काढलेला नव्हता. तरीही समोरच्याला शांततामय या शब्दाचा काय अर्थ अभिप्रेत आहे, हे आपल्याला ठाऊक होतं. कॅनडाने राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राचं काम अर्ध्यावर सोडलं आणि अणुसाहित्याच्या व्यापाराचे नियम ठरवणारा पुरवठादार देशांचा गट जन्माला आला. शब्द ढिला ठेवला की दोन्ही बाजू त्यात आपापला अर्थ भरतात, आणि मग भांडण होतं तेव्हा करार कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मला देशाचा अभिमान आहे म्हणूनच हे मान्य करायला संकोच वाटत नाही.

या अनुभवातून भारत शिकला, आणि चांगलं शिकला. ६ सप्टेंबर २००८ला व्हिएन्नात पुरवठादार गटाने भारताला सूट दिली, १० ऑक्टोबरला अमेरिकेशी नवा करार झाला. त्या वेळचा गदारोळ अनेकांना आठवत असेल, डाव्यांनी पाठिंबा काढला, सरकार विश्वासदर्शक ठरावावर तरलं. त्या गदारोळात एक कलम फारसं कोणी वाचलं नाही. त्यात म्हटलं आहे की भारत आपल्या अणुभट्ट्यांच्या पूर्ण आयुष्याला पुरेल इतका इंधनसाठा उभारू शकेल, अमेरिका त्याला साथ देईल, आणि तरीही पुरवठा तुटला तर दोन्ही देश मिळून रशिया, फ्रान्स, ब्रिटन यांसारख्या मित्रदेशांना एकत्र बोलावून मार्ग काढतील. वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेलाही संमती मिळाली, मात्र त्यासाठी नवं, स्वतंत्र, आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचं केंद्र उभारायच्या अटीवर. हे कलम तारापूरच्या टाक्यांजवळ बसून लिहिल्यासारखं आहे. आपल्या मुत्सद्द्यांनी आणि अणुशास्त्रज्ञांनी १९८०च्या त्या ४८–४६ची किंमत ओळखली आणि भागीदार हात काढून घेईल त्या दिवसाची तजवीज कागदावर आणली.

आता मला जे म्हणायचं आहे ते इथे सुरू होतं. इंधन थांबलं तर नुकसान सरकारचं, म्हणून त्याचं कलम झालं. पण तारापूरने आणखीही काही माणसांचं नुकसान केलं, आणि त्यांचं कलम कुठल्याच करारात नाही.

बोईसरला उतरून समुद्राकडे गेलं की केंद्राच्या आसपास घिवली, उनभाट, दांडी ही मच्छीमारांची आणि बागायतीची गावं लागतात. केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि गरम झालेलं पुन्हा समुद्रात सोडतात. केंद्रालगतच्या पाण्यात जाळी टाकायला बंदी आहे. पुढे तिसरा आणि चौथा संच आला, हे मात्र पूर्णपणे आपल्या लोकांनी आखलेले, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाची भांडणं न्यायालयात वर्षानुवर्षं चालली. म्हणजे गावाला सभासद न करण्याची सवय परदेशी भागीदाराने लावली असं म्हणायची सोय नाही. ती आपली स्वतःचीही आहे.

आणि माहितीचं काय? १९७१पासून व्हिएन्नाचे निरीक्षक तारापूरला येतात आणि इंधनाच्या एकेका जुडग्याचा हिशेब तपासतात. हे योग्यच आहे, परक्या संस्थेला पै-पैचा हिशेब दाखवायला आपण राजी झालो हे प्रगल्भपणाचं लक्षण आहे. मात्र त्याच केंद्राबाहेरच्या ग्रामपंचायतीने काही विचारलं तर समोर १९६२चा अणुऊर्जा कायदा उभा राहायचा, ज्याने सरकारला माहिती गोपनीय ठेवण्याचे प्रशस्त अधिकार दिले होते. व्हिएन्नाच्या माणसाला कागद मिळतो, कारण करारात तसं लिहिलं आहे. घिवलीच्या सरपंचाला मिळत नाही, कारण तसं कुठे लिहिलेलं नाही.

सगळ्यांना झळ बसते तिथे कलमं किती झटपट लिहिली जातात, हे चेर्नोबिलने दाखवलं. २६ एप्रिल १९८६ला तिथे स्फोट झाला आणि सोव्हिएत सरकार गप्प बसलं. दोन दिवसांनी स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, तेव्हा जगाला कुणकुण लागली. युरोपभर दूध आणि भाजी संशयात सापडली. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, त्याच सप्टेंबरात, व्हिएन्नाला दोन आंतरराष्ट्रीय करार तयार झाले: अपघाताची खबर ताबडतोब द्यायची, आणि मागितल्यास मदत करायची. शीतयुद्ध चालू असताना, एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांनी हे केलं. एरवी अशा मसुद्यांना वर्षं लागतात. ढग बव्हेरियाच्या कुरणांवर आणि वेल्सच्या मेंढ्यांवर आला म्हणून ते शक्य झालं. गरम पाणी फक्त दांडीच्या खाडीत राहिलं, म्हणून त्याची परिषद भरली नाही.

याच क्षेत्रात माझ्या मते खरं सहकार्य कसं दिसतं, याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे आणि तो आंब्याचा आहे. अमेरिकेने १९८९पासून भारतीय आंबा रोखून धरला होता. कोयीतला भुंगा आणि फळमाशी त्यांच्या बागांत शिरेल ही भीती, आणि ती निराधार नव्हती. उपाय निघाला गॅमा किरणांचा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्ट-६० वापरून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून केंद्र उभारलं होतं. तिथे हापूसला ४०० ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली की किडीची पुढची पिढी निपजत नाही आणि फळ फळच राहतं. एप्रिल २००७मध्ये पहिला माल अमेरिकेला गेला. सुरुवातीला अट अशी की किरण देताना अमेरिकेचा निरीक्षक स्वतः तिथे हजर हवा. कोव्हिडच्या काळात तो येऊ शकला नाही, दोन हंगाम वाया गेले. मग नवा समझोता झाला, देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे द्यायचं ठरलं, बदल्यात त्यांची चेरी आणि घासचारा आपल्याकडे येणार, आणि २०२२ला आंबा पुन्हा गेला. या सगळ्यात सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही, कागदपत्रांवरून खेपा अडकल्याच्या बातम्या येत असतात. पण मात्रा किती, कोण मोजणार, चूक झाली तर माल कोणाच्या खर्चाने नष्ट होणार, हे देवगडच्या बागायतदाराला आधी ठाऊक असतं. तो या व्यवहारात सभासद आहे. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून येणाऱ्या कर्करुग्णांवर किरणोपचार होतात, आपल्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं यंत्र व्हिएतनामला भेट म्हणून गेलं, तेही त्याच कुळातलं सहकार्य.

काही मित्र म्हणतात की कशाला हवेत हे परदेशी करार, बहिष्कारानेच आपल्याला उभं केलं. यात तथ्य आहे. दारं बंद झाली म्हणून जड पाण्याच्या अणुभट्ट्या आपण स्वतः शिकलो, २२० मेगावॉटपासून ५४० आणि मग ७००पर्यंत पोहोचलो. पण युरेनियम आपल्याकडे पुरेसं नाही, आणि २००८च्या आसपास आपल्याच केंद्रांना इंधनाअभावी क्षमतेच्या निम्म्यावर रखडावं लागलं होतं. नंतर कझाकस्तान, रशिया आणि हो, कॅनडाकडूनही युरेनियम आलं. शिवाय बाहेरच्या डोळ्यांचा उपयोग फक्त इंधनापुरता नसतो. मार्च २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची तपासणी केली आणि स्पष्ट शिफारस केली की हे मंडळ कायद्याने स्वतंत्र असायला हवं. नियामक आणि ज्याचं नियमन करायचं तो, दोघे एकाच घरचे असू नयेत, हे मच्छीमारांच्या संघटना कितीतरी आधी म्हणत होत्या. परक्या तज्ज्ञांनी म्हटल्यावर त्याला वजन आलं. याचं वाईट वाटतं, पण उपयोग झाला हेही खरं.

म्हणून जैतापूरबद्दल बोलायला हवं. राजापूर तालुक्यातल्या माडबन गावच्या पठारावर फ्रान्सच्या प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. पूर्ण झालं तर जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र ठरेल. एप्रिल २०११मध्ये, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर सव्वा महिन्यात, साखरीनाटे परिसरातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळी चालवली आणि एक तरुण गेला. तेव्हापासून आरेव्हा ही फ्रेंच कंपनी जाऊन तिची जागा फ्रान्सच्याच ईडीएफ या वीज कंपनीने घेतली, प्रस्ताव आले, चर्चा झाल्या, हे लिहीत असताना अंतिम करार झालेला नाही. उशीर झाला ही तक्रार दिल्लीत ऐकू येते. माझ्या दृष्टीने उशिरामुळे एक संधी राहिली आहे, कारण करार अजून कोरा आहे.

याच जातीच्या अणुभट्टीचा फिनलंडमधला अनुभव वाचण्यासारखा आहे. ओल्किलुओटोला २००५ला काम सुरू झालं, २००९ला वीज मिळायची होती, नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३मध्ये. पण फिनलंडच्या वीज कंपनीने आधीच ठरवलेल्या, न वाढणाऱ्या किमतीचा करार केला होता. उशिरावरून लवाद चालला आणि २०१८च्या तडजोडीत पुरवठादारांनी ४५ कोटी युरो मोजले. कारण नुकसान कोणाचं हे आधी लिहिलेलं होतं.

आपल्याकडे भोपाळच्या जखमेतून २०१०चा अणुदायित्व कायदा आला होता. सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागायचा हक्क त्यात वीज केंद्र चालवणाऱ्याला दिला होता, आणि त्याच कलमावर परदेशी कंपन्या अडून बसल्या. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा, ‘शांती’ नावाचा कायदा मंजूर केला. त्याने २०१०चा आणि १९६२चा असे दोन्ही कायदे रद्द केले, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, नियामक मंडळाला कायद्याचं स्थान दिलं, आणि पुरवठादारावरची ती जबाबदारी कायद्यातून काढून करारावर सोपवली. कोणी हेतुपुरस्सर घातपात केला तर गोष्ट वेगळी, एरवी करारात लिहिलं असेल तरच पुरवठादाराकडे बोट दाखवता येईल. कायद्याने ओझं खाली ठेवलं आहे. ते आता कोणीतरी कराराच्या मसुद्यात उचलायला हवं, आणि तो मसुदा बंद खोलीत होणार आहे.

मला त्या खोलीत माडबन आणि साखरीनाटे यांची खुर्ची हवी आहे. भावनेपोटी नाही. २००८चं इंधनाचं कलम ज्या शहाणपणाने लिहिलं गेलं, तेच शहाणपण गावांच्या कलमालाही लागू पडतं. यंत्र सदोष निघालं तर पुरवठादार किती देणार, ते आकड्यात लिहा. वापरलेलं इंधन पठारावर किती वर्षं राहणार, नंतर कुठे जाणार आणि त्या वर्षांचा खर्च कोणाचा, ते लिहा. तारापूरचं अनुत्तरित राहिलेलं कोडं कोकणात नव्याने घालू नका. विजेच्या प्रत्येक युनिटमागे परिसरातल्या मच्छीमार सोसायट्यांना ठरलेला वाटा द्या, एकरकमी भरपाई देऊन हात झटकू नका, कारण समुद्र एकदा विकत घेऊन संपत नाही. आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान व किरणोत्सर्गाची मोजणी केंद्राशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडे द्या, तिचे आकडे जाहीर करणं ही दोन्ही देशांची करारातली बांधिलकी ठेवा, जशी इंधनाचा हिशेब व्हिएन्नाला दाखवण्याची आहे.

साखरीनाट्याच्या बंदरावर होड्या लागतात आणि मासळीचा लिलाव होतो, तिथे एक फळा लावता येईल. आदल्या दिवशी सोडलेलं पाणी किती अंश गरम होतं, मर्यादा किती होती, मोजलं कोणी, आणि मर्यादा ओलांडली असेल तर सोसायटीच्या खात्यात किती रुपये जमा झाले, एवढं मराठीत, मोठ्या अक्षरांत. फळ्याचा खर्च काही हजारांचा. त्यावरचा शेवटचा रकाना भरायची सक्ती मात्र पॅरिस आणि दिल्लीच्या सह्यांनीच होऊ शकते.